कोरी ॲक्शन : बांधणीआधी तपासायची की नाही?

(व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, भाषा वक्त्यांची तशीच ठेवली आहे. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी काही शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, हा माणूस शिकारी असणार, नाहीतर फौजेतून रिटायर झालेला. मी दोन्ही नाही. पिंपरी-भोसरी पट्ट्यात आधी टूलरूम आणि मग इन्स्पेक्शन, अशी माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत, ओहायोला जायला लागलो. तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक शॉप आहे. पहिल्याच आठवड्यात लेथचा आवाज कानावर पडला आणि पाय आपोआप तिकडे वळले. ते एका गनस्मिथचं शॉप निघालं. आज मी त्यांना नुसतं 'मिस्त्री' म्हणणार आहे. तीन उन्हाळे मी त्यांच्याकडे रोज दोन-तीन तास स्टूल टाकून बसलो. बंदूक मी चालवत नाही. हात लावला तो डायलला आणि मायक्रोमीटरला.

तिथे गिऱ्हाइकांचा एक वाद नेहमी ऐकायला मिळायचा. नवीकोरी, नामवंत कारखान्याची, हजार डॉलरच्या वर पैसे मोजून आणलेली 'कस्टम ॲक्शन' मिस्त्रीच्या हातात द्यायची, तर मिस्त्रीनं ती आधी तपासायची की थेट बॅरल चढवायची? एक गट म्हणायचा, मायक्रॉनमध्ये बनवलेली वस्तू आहे, तिला परत काय डायल लावायचा? दुसरा गट म्हणायचा, माणसानं केलेली वस्तू आहे, चुकू शकते. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, आणि घोळ तिथेच होतो.

आधी ॲक्शन म्हणजे काय ते पाहू. रायफल तीन मोठ्या भागांची. पुढे नळी, म्हणजे बॅरल. खाली दस्ता. आणि मध्ये पोलादी घर, त्याला म्हणतात रिसीव्हर. या घरात एक दांडा मागेपुढे सरकतो आणि फिरतो, तो बोल्ट. रिसीव्हर आणि बोल्ट मिळून ॲक्शन. बोल्टच्या तोंडाशी दोन कान असतात, त्यांना लग म्हणतात. दांडा पुढे ढकलून मूठ खाली केली की हे कान रिसीव्हरमधल्या खोबणीत जाऊन अडकतात. आपल्या जुन्या वाड्याच्या दाराला अडसर असायचा ना, तसं. काडतूस बॅरलच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये बसतं आणि त्याच्या बुडाला बोल्टचं तोंड टेकतं.

आता बार उडाला की काय होतं? .३०८ विंचेस्टर हे तिकडचं अगदी सर्वसाधारण काडतूस घ्या. त्याच्या दाबाची ठरवून दिलेली कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. काडतुसाचं बूड १२ मिलिमीटर व्यासाचं. कागदावर गुणाकार केलात तर बोल्टवर मागच्या दिशेनं सुमारे ५ टन भार येतो. प्रत्यक्षात तो कमी असतो, कारण पुंगळीच्या भिंती चेंबरला चिकटून थोडा भार घेतात, आणि दाब पुंगळीच्या आतल्या, जरा लहान क्षेत्रावर पडतो. तरी काही टन आहेच. आणि हे सगळं तेवढ्या दोन कानांवर, नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर. म्हणून हा प्रश्न नुसता हौशी माणसांचा राहत नाही.

बरं, ही तपासणीची सवय आली कुठून? १९६२ मध्ये रेमिंग्टन कंपनीनं मॉडेल ७०० बाजारात आणलं. त्याच्या आराखड्यात माइक वॉकर यांचा मोठा हात होता, आणि ते स्वतः बेंचरेस्टचे नेमबाज. बेंचरेस्ट म्हणजे टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून, त्यावर रायफल टेकवून मारायचं. माणसाचा हात हलतो ही सबबच काढून टाकायची, म्हणजे उरते ती निव्वळ रायफलीची परीक्षा. शंभर यार्डांवर पाच गोळ्या पाव इंचाच्या आत पडणं ही तिथे बढाई मारण्याची गोष्ट नाही. तर या मॉडेल ७०० चा रिसीव्हर साधा गोल नळकांड्यासारखा. गोल म्हणजे लेथवर धरायला सोपा. आराखडा उत्तम, पण उत्पादन ठोक. ठोक उत्पादनात जे होतं ते झालं: एखाद्या नगाचा पुढचा फेस आट्यांशी गुण्यात नाही, एखाद्याचा एकच लग टेकतोय, एखाद्याचे आटेच अक्षापासून जरा तिरके. शिकाऱ्याला त्यानं काही फरक पडत नव्हता. पाव इंचवाल्यांना पडत होता.

मग गनस्मिथ लोक काय करायला लागले? रिसीव्हरच्या पोटात, बोल्ट जिथे सरकतो त्या मार्गात, मँड्रेल घालायचा. त्याच्या आधारानं रिसीव्हर लेथवर शून्याला आणायचा. मग पुढचा फेस कापायचा, आटे पुन्हा साफ करायचे, लग बसतात त्या जागा सरळ करायच्या, बोल्टचं तोंड फेस करायचं. याला ते 'ब्लूप्रिंटिंग' म्हणतात, म्हणजे ड्रॉइंगमध्ये जसं आहे तसं वस्तूत आणणं. एकेका ॲक्शनमागे काही तासांचं काम. पुढे कोणीतरी विचार केला, की कारखान्याचा नग घेऊन दुरुस्त करण्यापेक्षा मुळातच सरळ बनवून विकला तर? कस्टम ॲक्शनचा धंदा असा उभा राहिला. आज यातले कित्येक कारखाने आधी पोलादाला पाणी देतात आणि मग वायर ईडीएमवर आतला मार्ग कापतात, म्हणजे पाणी देताना येणारा पीळ मापात राहतच नाही. आपल्याकडे डाय बनवताना करतात तेच.

तेव्हा पहिल्या गटाचं म्हणणं रास्त आहे. जी दुरुस्ती करण्यासाठी गनस्मिथ हात लावायचा, ती दुरुस्ती या ॲक्शनला लागत नाही. इतकंच काय, ती करू नये. नव्या कस्टम ॲक्शनचे लग 'सवयीनं' लॅप करणारे मिस्त्री आहेत. लॅपिंगची पेस्ट लावून घासलं की लग मागे सरकतात, कारखान्यानं धरलेलं माप बिघडतं, पृष्ठभागावर कठीण थर दिलेला असेल तर तोही पातळ होतो. आणि लेथचं टूल एकदा लागलं, की कारखाना परत घ्यायला बांधील राहत नाही.

पण तपासणं आणि दुरुस्त करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आपल्या इन्स्पेक्शनच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. माल आला, मोजला, ठीक आहे, शिक्का मारला. मी हातात कानस घेतली नाही! गिऱ्हाइकांच्या वादात मात्र दोन्ही गट 'तपासणी' या शब्दाचा अर्थ ब्लूप्रिंटिंग असा धरून भांडतात. माझं मत सरळ आहे: तपासणी प्रत्येक ॲक्शनची हवी, काटछाट कुठल्याच कोऱ्या ॲक्शनची नको. चूक सापडली तर ॲक्शन जशीच्या तशी खोक्यात घालून परत.

आणि गंमत अशी, की अर्धी तपासणी टाळता येतच नाही. बॅरल बसवायची म्हणजे तिच्या मागच्या टोकाला आटे पाडायचे, खांदा काढायचा, चेंबर कापायचं. ते कुठवर कापायचं हे ठरणार रिसीव्हरच्या फेसपासून बोल्टच्या तोंडापर्यंतच्या अंतरावरून. डेप्थ मायक्रोमीटर तिथे लावावाच लागतो. त्यातून जे ठरतं त्याला म्हणतात हेडस्पेस. म्हणजे बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला पुढेमागे किती जागा उरते. .३०८ साठी गो गेज १.६३० इंचाचं आणि नो-गो १.६३४ इंचाचं. फरक ४ थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरमध्ये म्हणाल तर एक दशांश. यात गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. शॉपमधल्या मंडळींना हे नवीन नाही, बोअर तपासायचा प्लग गेज आठवा.

आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर पोलिसांच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री. ली-एनफील्ड घराण्यातल्या 'नंबर ४' रायफलीत बोल्टचं डोकं वेगळं निघतं, आणि ती डोकी ० ते ३ अशा क्रमांकांची, किंचित वाढत्या लांबीची असत. हेडस्पेस वाढला की आर्मरर पुढच्या क्रमांकाचं डोकं बसवायचा. म्हणजे तपासणी आणि तिच्यावरचा उपाय आराखड्यातच धरला होता.

आता उरलेली अर्धी तपासणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

खोकं उघडलं की मिस्त्री आधी ॲक्शन धुवायचे. तेल, कारखान्यातला बारीक चुरा, सगळं. एकदा एक गिऱ्हाईक तावातावानं आलं, बोल्ट शेवटच्या इंचाला अडकतोय, ॲक्शन वाकडी आहे. आट्यात एक चिप अडकली होती आणि मार्गाच्या टोकाला जरासा बर होता. ब्रश मारला, प्रकरण संपलं. न धुता घेतलेलं माप हे माप नव्हे, हे मला शाळेत नाही, पहिल्या फोरमननं शिकवलं होतं.

मग लग. लगच्या मागच्या बाजूला निळं लावायचं, बोल्ट बंद करून उघडायचा आणि निळं कुठे पुसलं ते बघायचं. आपलं डायचं ब्लू मॅचिंग. दोन्ही लग बऱ्यापैकी टेकले पाहिजेत. एकच टेकत असेल तर बार उडताना आधी सगळा भार एकावर येतो, बोल्ट कणभर वाकतो, मग दुसरा टेकतो. यानं रायफल फुटत नाही, उगाच घाबरवत नाही तुम्हाला. पण प्रत्येक बाराला ती सारखीच थरथरेल याची खात्री राहत नाही.

यात एक खोच आहे, ती मला मिस्त्रींनी दाखवली. बहुतेक जण ब्लू मॅचिंग रिकाम्या बोल्टवर करतात, आतला फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढून. दोन्ही कान छान टेकलेले दिसतात. मग पिन, स्प्रिंग आणि खाली चापाचा संच बसवला की चित्र बदलू शकतं. रायफल कॉक झाली की चापाचा सीअर पिनच्या मागच्या तुकड्याला अडवून धरतो, आणि त्या उताराच्या टेकण्यानं बोल्टचं शेपूट वर उचललं जातं. शेपूट वर गेलं म्हणजे तोंड खाली झुकलं, आणि वरचा लग आपली जागा सोडून पुढे आला! बोल्टला घरात मागच्या बाजूला जितकी ढिलाई, तितकं हे जास्त. म्हणजे बॅरलशिवाय, चापाशिवाय कारखान्यानं केलेली तपासणी खरी असूनही अपुरी. ॲक्शन एकाची, चाप दुसऱ्याचा, बॅरल तिसऱ्याची. हे तिघं पहिल्यांदा भेटतात ते मिस्त्रींच्या बाकावर. तिथे कोणी पाहिलं नाही, तर कोणीच पाहिलेलं नसतं.

फायरिंग पिन बोल्टच्या तोंडातून किती बाहेर येतो हेही तसंच. दीड मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. कमी आला तर बार चुकायची शक्यता, फार आला तर टोपी फुटून वायू मागे येण्याची. मोजायला दोन मिनिटं लागतात.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझं मत पक्कं झालं. दुसऱ्या एका शॉपनं बांधलेली रायफल घेऊन एक गृहस्थ मिस्त्रींकडे आले होते. तक्रार अशी, की बार उडवल्यावर मूठ वर होते पण बोल्ट मागे येत नाही, तळव्यानं ठोकावा लागतो. पुंगळी चेंबरमध्ये चिकटते. आधीच्या शॉपचं म्हणणं, आमचं चेंबर गुळगुळीत आहे. मालकाचं म्हणणं, तुमचं चेंबर खडबडीत आहे. त्या बिचाऱ्यानं ते चेंबर दोनदा पॉलिश करून दिलं होतं. भांडण इतकं वाढलं, की दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एका स्पर्धेचा सीझन वाया गेला.

मिस्त्रींनी चेंबरकडे पाहिलंसुद्धा नाही. बोल्ट घातला, मूठ हळूहळू वर केली आणि मला म्हणाले, "मागे सरकतोय का बघा." सरकतच नव्हता. मूठ वर येताना तिच्या मुळाशी असलेला उतार रिसीव्हरच्या मागच्या उतारावर घासतो आणि बोल्टला किंचित मागे ओढतो. पुंगळीला पहिला हिसका देणारं हे यंत्र, त्याला प्रायमरी एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. बुचाला आधी पीळ देऊन सैल करतो ना आपण, तसं. या ॲक्शनमध्ये मूठ जिथे जोडली होती, तिथे दोन उतारांमध्ये मोठी फट राहिली होती. उतार एकमेकांना भेटतच नव्हते. दोष ॲक्शनचा, कोरी असल्यापासूनचा. खोकं उघडल्याच्या दिवशी, बॅरलशिवाय, कुठल्याही मापाच्या हत्याराशिवाय तो दिसला असता. आता बॅरल चढलेली, शंभरावर बार झालेले, रिसीव्हरला रंग दिलेला. कारखान्यानं शेवटी मूठ पुन्हा जोडून दिली, पण महिने गेले. आणि ज्या माणसाचं चेंबर निर्दोष होतं, त्याचं नाव गावात खराब झालं ते झालंच.

एकदा जोडणी झाली की दोष कोणाचा हे वस्तू सांगत नाही. जो शेवटचा हात लावतो त्याच्या गळ्यात पडतो. म्हणून मिस्त्री प्रत्येक कोऱ्या ॲक्शनचा एक कागद करायचे: नंबर, तारीख, आलेली मापं, खाली सही. गिऱ्हाइकासाठी आणि स्वतःसाठीही.

आता माझी फजिती सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल तपासणारा नेहमी बरोबर असतो. मिस्त्रींनी एक ॲक्शन मँड्रेलवर चढवून दिली आणि मला फेसवर डायल लावायला सांगितला. एका फेऱ्यात काटा २ थाऊ फिरला. म्हणजे ५० मायक्रॉन. नामांकित कारखान्याची ॲक्शन! मी मनातल्या मनात लाल टॅग लावून मोकळा. मिस्त्री काही बोलले नाहीत. मँड्रेल सोडवला, रिसीव्हरच्या तुलनेत अर्धा फेरा फिरवला, परत बसवला. काट्याचा उंचवटा आता रिसीव्हरच्या दुसऱ्याच बाजूला. म्हणजे चूक मँड्रेलबरोबर फिरत होती, रिसीव्हर निर्दोष होता. बुश खाली कचऱ्याचा कण होता. एकतीस वर्षं इन्स्पेक्शन केलेला माणूस, लोकांना रिव्हर्सल टेस्ट शिकवणारा मी, आणि साफ विसरलो. लाज वाटली हो.

म्हणजे पहिल्या गटाच्या शंकेत हाही एक सच्चा भाग आहे. कारखान्यात तापमान राखलेल्या खोलीत सीएमएमवर घेतलेल्या मापाला गॅरेजमधल्या डायलनं आव्हान द्यायचं, तर आधी आपलं हत्यार निर्दोष आहे हे दाखवावं लागतं. मिस्त्रीचं माप आणि कारखान्याचं माप जुळलं नाही तर बहुतेक वेळा मिस्त्रींनीच पुन्हा मोजावं. पण मूठ, पिन, लग, चाप, काडतूस आत जाणं-बाहेर येणं, या कामाच्या तपासण्यांना तेवढी नाजूक मापं लागतच नाहीत, आणि त्या कारखान्यात बसून पुऱ्या होत नाहीत.

आणखी एक मर्यादा आहे, ती सांगितली नाही तर विषय अर्धा राहील. डायलला भूमिती दिसते, पोलादाचं पाणी दिसत नाही. अमेरिकेच्या फौजेची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल घ्या. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, काही रिसीव्हर काचेसारखे फुटले. चौकशी झाली. हॅचर नावाच्या अधिकाऱ्यांनी, जे पुढे जनरल झाले, ही हकिकत आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. भट्टीवरचे जुने कारागीर पोलाद किती तापलं हे डोळ्यांनी, रंगावरून ठरवत. ढगाळ दिवशी लाल दिसणारं पोलाद लख्ख उन्हाच्या दिवशी तेवढं लाल दिसायचं नाही, म्हणून ते आणखी तापवायचे. पायरोमीटर लावल्यावर दिसलं, की उन्हाच्या दिवशी ते ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त जायचं! पोलाद जळायचं, ठिसूळ व्हायचं. अशात एखादी पुंगळी मऊ निघाली आणि वायू मागे आला, की रिसीव्हर फुटायचा. १९१८ मध्ये पद्धत बदलली. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातले ८,००,००० च्या आतले नंबर आजही तिकडे जाणकार लोक भिंतीवर टांगतात, चालवत नाहीत.

त्या रिसीव्हरची मापं बरोबर होती. जास्त दाबाच्या प्रूफ काडतुसालाही ते टिकले होते. कुठलाही गनस्मिथ निळं लावून, डायल लावून त्यांना पास करून बसला असता. रॉकवेल मशीननं कठीणपणा मोजता येतो, पण त्यानं खड्डा पडतो, आणि तयार लगवर खड्डा कोण पाडून घेईल? तेव्हा धातूच्या बाबतीत भरवसा कारखान्याच्या भट्टीवर आणि त्याच्या नोंदींवरच ठेवावा लागतो. मिस्त्रीच्या सहीचा अर्थ 'मी जे पाहू शकलो ते ठीक आहे' एवढाच.

प्रूफचं निघालं म्हणून सांगतो. इंग्लंडमध्ये हे काम कायद्यानं वेगळ्या संस्थेकडे दिलेलं आहे. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं, आणि १८६८ च्या कायद्यानुसार प्रूफचा शिक्का नसलेली बंदूक विकणं तिथे गुन्हा आहे. अमेरिकेत असं सरकारी प्रूफ हाउस नाही. सामी नावाची उत्पादकांची संस्था १९२६ पासून मापं आणि दाब ठरवून देते, पण ते मानणं ऐच्छिक. कायद्याच्या दृष्टीनं तिथे नुसता रिसीव्हर हीच 'बंदूक', नंबर त्याच्यावर. तरी त्या बंदुकीला बॅरल चढवून झाल्यावर तिऱ्हाइतानं तिची परीक्षा घ्यावी, अशी सक्ती कोणी करत नाही. म्हणून ओहायोतल्या त्या बाकावरच्या अर्ध्या तासाचं मोल बर्मिंगहॅमपेक्षा जास्त आहे, असं मला वाटतं.

वेळ संपत आलीय, प्रश्न घेऊ.

प्रश्न : आता तयार बॅरल मिळतात ना? घरी आणायची आणि आटे फिरवून बसवायची. मग मिस्त्रीची गरजच काय?

मिळतात. त्यांना प्रीफिट म्हणतात. कस्टम ॲक्शनवाले रिसीव्हरच्या फेसपासूनचं अंतर इतकं सारखं राखतात, की बॅरलवाला ॲक्शन न बघता चेंबर कापून पाठवतो. हे पहिल्या गटाच्या बाजूचं सगळ्यात जोरकस उदाहरण आहे, मान्य. पण बघा, यात ॲक्शन मोजणारा माणूसच साखळीतून गेला. आधी चेंबर कापताना तरी कोणीतरी डेप्थ मायक्रोमीटर लावत होतं. म्हणून प्रीफिट घेणाऱ्यानं गो आणि नो-गो दोन्ही गेज घ्यावेत, आणि तपासताना बोल्टमधला पिन आणि पुंगळी फेकणारा इजेक्टर काढून ठेवावा. त्यांची स्प्रिंग असली की बोटाला खरा स्पर्श कळत नाही. मूठ स्वतःच्या वजनानं गोवर पडली पाहिजे आणि नो-गोवर अडली पाहिजे. दांडगाई करून बंद करू नये. हे जमत नसेल तर मिस्त्रीला पैसे द्यावेत.

प्रश्न : आपल्याकडे असं कोणी करतं का? कोल्हापूरचे नेमबाज वगैरे?

नाही, आणि करायलाही जाऊ नका. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात नुसतं बनवायलाच नाही, दुरुस्त करायला, चाचणी घ्यायला, प्रूफ करायलासुद्धा परवाना लागतो. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, तो खेळ .२२ चा. त्या रायफली कारखान्यातून बॅरलसकट जोडून येतात, त्यामुळे आजचा प्रश्न त्यांच्यापुढे येत नाही. त्यांची तपासणी वेगळी असते. ते काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीत मारून बघतात, जो जवळजवळ मारेल तो लॉट घेतात.

प्रश्न : या तपासणीचे पैसे मिस्त्री वेगळे घेत होते का?

घेत नव्हते, बॅरलच्या मजुरीत धरायचे. मी एकदा म्हटलं, वेगळी ओळ लिहा ना बिलात. म्हणाले, "वेगळी लिहिली की गिऱ्हाईक ती खोडायला सांगतं." तरी एकानं सांगितलंच होतं, तपासू नका, थेट चढवा, मला शनिवारी हवी आहे. मिस्त्रींनी ॲक्शन त्याच्या खोक्यात परत घातली, टेप लावली आणि काउंटरवर ठेवली. तो शनिवारी आला नाही. पुढच्या मंगळवारी आला, आणि खोकं तिथेच ठेवून गेला.